धरणात तरंगतं सोलर चालतं, मग समुद्रात का लावत नाहीत?

लावतात, पण आडोसा बघून. सिंगापूरचं उदाहरण घ्या. जोहोरच्या सामुद्रधुनीत, वूडलँड्सजवळ, 2021 पासून 5 मेगावॉटचा प्रकल्प खाऱ्या पाण्यावर तरंगतोय. तेरा हजारांवर पॅनल, सुमारे 5 हेक्टर जागा. पण दोन्ही बाजूंना जमीन असल्यामुळे तिथे मोठ्या लाटाच येत नाहीत. आपल्याकडे केरळात कायमकुळमला 92 मेगावॉटचा प्रकल्प आहे, तोही बॅकवॉटरमध्ये, म्हणजे किनाऱ्याच्या आतल्या शांत पाण्यात.

उघड्या समुद्रात खरी डोकेदुखी पॅनलची नसते, सांध्यांची असते. प्लास्टिकचे तरंगते ठोकळे एकमेकांना पिनांनी जोडलेले असतात. प्रत्येक लाटेला ते सांधे वाकतात आणि झिजतात. वर खारी हवा नट-बोल्ट आणि कनेक्टर खाते. खालून शेवाळ, शिंपले चिकटून वजन वाढतं. शिवाय भरती-ओहोटी आहेच: मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, म्हणजे नांगराच्या दोराला तेवढी ढील हवी आणि ओहोटीला तो सैल पडून गुंताही व्हायला नको.

आणि वादळ? 2019 मध्ये जपानमध्ये यामाकुरा धरणावरचा प्रकल्प चक्रीवादळात उलटापालटा होऊन पेटला. तेही धरणात! नेदरलँड्सच्या कंपन्या उत्तर समुद्रात प्रयोग करताहेत. एकीने पॅनल लाटांच्या वर, उंच चौथऱ्यावर ठेवलेत. माझ्या मते दिशा बरोबर आहे, पण खर्च धरणापेक्षा बराच जास्त.

कोकणात करायचंच तर आधी खाडी बघा, आणि मच्छीमारांच्या होड्यांची वाट सोडून.