परतल्यावर घर अनोळखी का वाटते?

प्रश्न : अनेक वर्षे परदेशात राहून मी नुकतीच मायदेशी परतले आहे. रस्त्यावरचा आवाज, रांगेत माणसांमधले अंतर, बोलण्याची गती, सारेच अंगावर येते. माझेच काही बिनसले आहे का?

उत्तर : मुळीच नाही. परदेशी गेलेल्यांची मनःस्थिती ‘यू’ या अक्षरासारखी आधी खालावते आणि मग सावरते, असे नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ साली मांडले. १९६३ मध्ये अमेरिकी संशोधक गुलाहॉर्न दांपत्याने त्याला परतीचा टप्पा जोडला आणि मायदेशी पुन्हा तसाच उतार लागत असल्याने ती आकृती ‘डब्ल्यू’सारखी होते, असे सांगितले. जाताना माणूस वेगळेपणाची तयारी ठेवून जातो. परतताना मात्र सारे जसेच्या तसे असेल असे गृहीत धरतो आणि नेमकी तिथेच ठेच लागते. रस्ता ओलांडताना मान सवयीने भलत्याच बाजूला वळते, आणि ज्या चौकात आपण वाढलो तिथेच क्षणभर परके होतो. (वाहतुकीची बाजू बदलली असेल, तर खरोखरच जपा.) घरच्यांशी बोलताना ‘तिकडे असे नव्हते’ हे वारंवार म्हणू नका, त्यांना ती टीका वाटते आणि ती मनाला लागते. त्यापेक्षा जे जाणवते ते आताच लिहून ठेवा, कारण सवय झाली की हे बारकावे दिसेनासे होतात.