वाईचे वाडे आणि वाड्यातली माणसं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वाईच्या सात घाटांवर लिहिलं होतं, आणि पत्रं आली ती घाटांच्या मागे उभ्या असलेल्या वाड्यांबद्दल. बांधले कोणी, माणसं कुठं गेली, आत सोडतात का, आमच्याही घराचा असाच काही इतिहास असेल का वगैरे. सगळी पत्रं छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

वाईत जाल तिथं रास्ते! ढोल्या गणपती रास्त्यांनी बांधला, काशीविश्वेश्वर रास्त्यांनी, मोतीबाग वाडा पण त्यांचाच. हे काय राजघराणं होतं का? – एक वाचक, कोल्हापूर

राजघराणं नाही हो, पेशव्यांचे व्याही. मूळ आडनाव गोखले, कोकणातून घाटावर आलेलं घराणं. वाईच्या भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई, तिचं लग्न १७३० साली बाजीरावांच्या थोरल्या मुलाशी झालं, म्हणजे पुढचे नानासाहेब पेशवे. तिथून रास्त्यांचे दिवस पालटले. तिचे भाऊ पेशव्यांच्या फौजेत सरदार झाले, सरंजाम (फौज पोसायला दिलेला मुलूख) मिळाले, आणि सरंजामाचा पैसा गावाकडे आला की त्या काळात तो दोनच गोष्टींत दिसायचा, एक वाडा आणि दुसरं देऊळ. पुण्यातली रास्ता पेठ यांचीच बरं का. तिचं आधीचं नाव शिवपुरी, आनंदराव रास्त्यांमुळे पुढे रास्ता पेठ झाली.

आता तारखा नीट बघा. काशीविश्वेश्वराचं देऊळ आनंदराव भिकाजींनी बांधलं १७५७ ला, आणि ढोल्या गणपतीचं गणपतराव भिकाजींनी १७६२ ला. या दोन देवळांच्या मधे पानिपत झालंय. जानेवारी १७६१ मधे गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव तिथं मारला गेला, तो याच रास्ते भावांचा सख्खा भाचा, आणि त्याच वर्षी जूनमधे नानासाहेब पण गेले, म्हणजे बहीण विधवा झाली. गाइड लोक घाटावर उभं राहून मूर्ती केवढी मोठी, एकाच दगडात कशी कोरली हे सगळं सांगतात पण ही गोष्ट कोणी सांगत नाही. मला तरी ते देऊळ बघताना आधी हेच आठवतं की बांधणाऱ्याच्या घरात तेव्हा काय चाललं असेल.

गोपिकाबाईंचं पुढचं तर वाचवत नाही. दुसरा मुलगा माधवराव १७७२ ला थेऊरला क्षयानं गेला, तिसरा नारायणराव १७७३ ला शनिवारवाड्यात मारला गेला. त्या शेवटी नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या, १७८८ ला तिकडेच वारल्या. कृष्णाकाठी माहेर आणि शेवट गोदाकाठी. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना कारस्थानी, तापट वगैरे म्हणून मोकळे होतात, असतीलही, पण तिन्ही मुलं डोळ्यादेखत गेलेल्या बाईबद्दल एवढंच लिहायचं हे मला पटत नाही.

नदीला इतकं चिकटून बांधकाम करायचं आणि ते अडीचशे वर्षं टिकायचं, हे कसं जमलं? आमची सोसायटी दहा वर्षांत गळायला लागली. – एक वाचक, पिंपरी

सोसायटीचं मी काही बोलत नाही :)

ढोल्या गणपतीच्या देवळाच्या मागच्या बाजूला जा कधी. मागची भिंत सपाट नाहीये, ती माशाच्या आकाराची, निमुळती होत गेलेली आहे. पुराचं पाणी वरून येऊन थेट भिंतीवर आदळण्याऐवजी तिथं दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. समोरून दर्शन घेऊन परत फिरणाऱ्यांना हे कळतच नाही, आणि खरी हुशारी सगळी मागेच आहे.

वाड्यांचं गणित वेगळं. खाली काळ्या दगडाचं उंच जोतं, पुराचं पाणी वर्षानुवर्षं कुठवर येतं ते गावाला पाठ असायचं आणि त्याच्या वर जोतं काढायचं. त्यावर सागवानी सांगाडा, म्हणजे खांब, तुळया, कडीपाट. आणि भिंती पांढरीच्या (जुन्या गावठाणातल्या पांढऱ्या) मातीच्या नाहीतर भाजक्या विटांच्या. माडीचा बराचसा भार लाकडावर असतो, भिंत ही मुख्यतः आडोसा, त्यामुळे पाणी शिरून एखादी भिंत बसली तरी सगळं घर खाली येत नाही, भिंत परत रचता येते. आत चौक असल्यामुळे ऊन वारा मिळून ओल सुकते.

घात केला तो सिमेंटने. जुन्या मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असतो, त्यातून ओल बाहेर निघून जाते. हौसेने वरून सिमेंट प्लास्टर मारलं की ओल आत कोंडते, मातीचा लगदा होतो आणि भिंतीत गेलेली तुळईची टोकं कुजायला लागतात, बाहेरून मस्त गुळगुळीत पिवळा रंग आणि आतून सगळं पोकळ. वाडा असेल तुमचा तर गवंड्याला पहिलं वाक्य हेच सांगा की सिमेंट आणू नको.

वर धोम धरण झाल्यापासून पुराची भीती कमी झालीय हे खरं, पण पाण्याचा विसर्ग वाढला की देवळात पाणी शिरल्याचे फोटो आजही फिरतातच.

वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात नाना फडणवीस खरंच राहत होते का? त्यांचं सगळं राजकारण तर पुण्यात चाललं होतं. आणि तिथल्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहे म्हणतात, ही थाप का खरं? – दोन वाचकांचे प्रश्न एकत्र, पुणे आणि ठाणे

घंटेचं खरं आहे, थाप नाही. १७३९ ला चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. मेणवलीच्या घाटावरची घंटा त्यातलीच मानतात, तिच्यावर १७०७ साल आहे आणि मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे (तिच्यावर १७२१ साल), अशा बऱ्याच ठिकाणी या घंटा गेल्या. कोणी त्यावरची मूर्ती घासून काढली नाही हे मला फार आवडतं, घंटा ती घंटा, वाजते ना, झालं.

राहण्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. नानांचा जीव पुण्यात, तिथं शनिवारवाड्याजवळ त्यांचा नानावाडा होता, मेणवलीला ते येऊन जाऊन असायचे. हे गाव त्यांना १७६८ ला औंधच्या पंतप्रतिनिधींकडून मिळालं, मग त्यांनी कृष्णेवर तो अर्धचंद्राकृती घाट बांधला, मेणेश्वराचं देऊळ आणि सहा चौकांचा वाडा. भिंतींवर चित्रं आहेत, जुनी, रंग उडालेली पण बघण्यासारखी. स्वदेस पिक्चरमुळे हा घाट सगळ्यांना माहीत झाला, शूटिंगवाल्यांचं आवडतं ठिकाण आहे ते.

पण माझ्या मते हा वाडा नानांपेक्षा जास्त जिऊबाईंचा. जिऊबाई म्हणजे नानांची शेवटची बायको. १३ मार्च १८०० ला नाना गेले तेव्हा ती जेमतेम नऊ वर्षांची पोर होती. मूलबाळ नाही, दुसऱ्या बाजीरावाची नजर नानांच्या पैशावर, मग या मुलीची फरपट सुरू झाली. आधी लोहगडावर, तिथला किल्लेदार नानांचा माणूस, मग इंग्रजांच्या आश्रयाने पनवेलला, आणि पेशवाई बुडाल्यावर कितीतरी वर्षांनी मेणवलीला. पुढे दत्तक घेऊन तिनं घर चालू ठेवलं, ते घराणं अजून आहे. ती नसती तर वाडा कोणाच्या ताब्यात गेला असता कोण जाणे, आणि त्यातले कागद तर नक्कीच गेले असते. नानांच्या हाताखालचा हा सगळा पत्रव्यवहार, ज्याला मेणवली दप्तर म्हणतात, पुढे साताऱ्याचे इतिहास संशोधक द. ब. पारसनीस यांच्याकडे गेला आणि त्यांचा संग्रह १९३९ ला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. उत्तर पेशवाईवर काम करणाऱ्याला ते दप्तर टाळून पुढे जाताच येत नाही.

आमचाही नदीकाठी जुना वाडा आहे. आजोबा म्हणायचे तीनशे वर्षांचा, काका म्हणतात पेशव्यांनी दिला. खरं खोटं कसं कळणार? – एक वाचक, सातारा जिल्हा

प्रत्येक वाडा पेशव्यांनी दिलेला असतो आणि प्रत्येक वाड्यातून भुयार थेट नदीवर नाहीतर किल्ल्यावर जातं, हे आधी बाजूला ठेवू :) आजोबांवर अविश्वास नको, पण वय ठरवायला भिंतीला विचारा. गिलावा कुठे पडला असेल तिथे वीट बघा, चपटी आणि पातळ असेल तर जुनी, आजच्यासारखी जाडजूड असेल तर इंग्रजी अमदानीतली किंवा नंतरची. कौलं मंगलोरी असतील तर छप्पर तरी १८६५ नंतरचं, कारण मंगलोरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तोच तेव्हा. बिडाचे कठडे, लोखंडी गर्डर दिसले तर तो भाग उशिराचा. खांब सुरूच्या झाडाच्या आकाराचा, वर केळफूल कोरलेलं असेल तर पेशवाईचा वास येतोय म्हणायला हरकत नाही, पण जुने खांब दुसऱ्या वाड्यातून आणून बसवायची पण पद्धत होती, म्हणून एकाच खुणेवर उडी मारू नका. आणि बहुतेक वाडे एकदम बांधलेलेच नसतात, पुढचा चौक एका पिढीचा, माडी दुसऱ्या पिढीची, मागचा सोपा तिसऱ्याच कोणाचा, तेव्हा आजोबा आणि काका दोघंही थोडे थोडे बरोबर निघू शकतात.

मग कागद. सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून मिळकत पत्रिका काढा, जुन्या नोंदींसकट मागा. जमीन किंवा वतन इनाम असेल तर सनद असणार, आणि १८५२ नंतर इंग्रजांच्या इनाम कमिशनने इनामं तपासली तेव्हा लोकांना आपले हक्क कागदाने सिद्ध करावे लागले होते, त्यातले कैक कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराशेजारीच पडलेत. बहुतेक मोडीत आहे, वाचणारा माणूस शोधावा लागेल, हल्ली मोडीचे क्लास पण चालतात, घरातलं एखादं कॉलेजचं पोर बसवा तिथं. तिसरं, तीर्थोपाध्याय. नाशिक, त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे उपाध्ये असतील तर त्यांच्या चोपड्यात तुमच्या खापरपणजोबांच्या नोंदी, कधीकधी सहीसुद्धा सापडते. कुलवृत्तांत असेल तर तोही बघा पण तो घरच्यांनीच सांगितलेल्या माहितीवर लिहिलेला असतो हे लक्षात ठेवून.

आणि माळ्यावर ट्रंकेत जे काही असेल ते बोहाऱ्याला देऊ नका, प्लीज. कापडात गुंडाळून ठेवा, लॅमिनेशन करू नका, आधी मोबाइलवर फोटो काढा.

इतके सुंदर वाडे मग पडतात का? पैसा नसतो म्हणून? – एक वाचक, नागपूर

पैसा हे एक कारण, पण पहिलं नाही. एका वाड्याचे चाळीस वारस असतात, पुण्यात, अमेरिकेत, काही एकमेकांशी बोलत नाहीत, आणि कौल बदलायचं म्हटलं तरी खर्च कोणी करायचा इथंच गाडी अडते. त्यात १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठलेली, पिढ्यानपिढ्या तीच, मालक म्हणतो एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू आणि भाडेकरू म्हणतो मग पावसात राहू का, दोघंही चूक नाहीत. शेवटी बिल्डर येतो आणि तोच एकटा सगळ्या वारसांना एका टेबलाशी बसवू शकतो. जे वाडे उभे राहिले ते बहुतेक एकाच शाखेकडे राहिलेले, नाहीतर शाळा, संस्था, देवस्थान यांच्या वापरात आलेले. सुंदर असण्याचा काही संबंध नाही त्यात.

आत बघायला मिळतं का? – बरेच जण

घाट आणि देवळं सगळ्यांसाठी उघडी आहेत. वाडे खासगी मालकीचे, दार उघडं दिसलं म्हणून आत घुसू नका, हाक मारा, विचारा, नाही म्हणाले तर नाही. मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर, तिथं वाडा बघू देतात पण शूटिंग चालू असेल तर नाही, म्हणून आधी कोणाला तरी विचारून निघा. माघ ते चैत्र गेलात तर वाईत आळीआळीने कृष्णाबाईचा उत्सव असतो, प्रत्येक घाटाचा वेगळा, तेव्हा जुन्या घराण्यांची बाहेरगावी गेलेली माणसं पण गावात आलेली असतात. वाड्याबद्दल विचारायचं असेल तर तेव्हाच जा, एरवी कुलूप भेटेल.