गळाला लागलेली बोटुकली: ट्राउट की सॅमन?

प्रश्न: मी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे राहतो. ऑगस्टमध्ये दिवसाचा परवाना काढून डॉन नदीवर ट्राउट पकडण्यासाठी गेलो असता जेमतेम ११ सेंटिमीटर लांबीचा एक मासा गळाला लागला. त्याच्या कुशीवर काळपट डागांची रांग होती आणि डागांच्या मधोमध लाल ठिपके होते. सोबतच्या मित्राने ते ट्राउटचे पिल्लू ठरवले. काठावरच्या एका वयस्क गृहस्थांनी मात्र तो सॅमन असल्याचे सांगितले. सॅमन चंदेरी असतो अशी माझी समजूत आहे. मासा लगेच पाण्यात सोडला. त्याचे छायाचित्र सोबत पाठवले आहे. तो कोणता असावा, आणि माझ्याकडून काही नियमभंग तर झाला नाही ना?
— एक वाचक, ॲबर्डीन

उत्तर: काठावरच्या गृहस्थांचे म्हणणे बरोबर दिसते. छायाचित्रातील मासा हे अटलांटिक सॅमनचे पिल्लू असून या अवस्थेला तिकडे ‘पार’ म्हणतात. आपल्याकडील मत्स्यबीजाच्या भाषेत सांगायचे तर जिऱ्याच्या (अगदी चिमुकल्या पिल्लाच्या) पुढची, बोटुकलीची म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाची ही अवस्था. सॅमन चंदेरी असतो ही आपली समजूतही चुकीची नाही, फक्त ती समुद्राकडे निघालेल्या आणि समुद्रात वाढलेल्या माशापुरती खरी आहे. (मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ या नावाने मिळणारा रावस चंदेरी असला तरी त्याचे कूळ अगदी निराळे आहे, हे जाता जाता सांगायला हवे.)

आपल्या मित्राची चूक क्षम्य आहे, कारण कुशीवरचे बोटांच्या ठशांसारखे डाग आणि लाल ठिपके ट्राउटच्या पिल्लांनाही असतात. सॅमनच्या पिल्लात हे डाग अधिक रेखीव असतात आणि दोन डागांच्या मधे बहुधा एकच लाल ठिपका असतो. तरीही केवळ रंगावरून निर्णय करू नये, कारण नदीचा तळ आणि पाण्याचा गढूळपणा यांनुसार रंग बदलतो. आकार तितका फसवत नाही. आपल्या छायाचित्रात वरचा जबडा डोळ्याच्या मध्यापाशी संपलेला दिसतो, ट्राउटमध्ये तो डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जातो. मात्र अगदी लहान ट्राउटचा जबडाही आखूड असल्याने या एका खुणेवर भिस्त ठेवता येत नाही. शेपटीची खाच खोल आहे आणि शेपटीच्या अलीकडचा भाग मनगटासारखा बारीक आहे, ट्राउटचा तोच भाग जाडसर असतो. कल्ल्यांमागचे दोन्ही पर शरीराच्या मानाने मोठे आहेत; वेगवान प्रवाहात दगडांवर टेकून राहण्यासाठी सॅमनच्या पिल्लाला ते उपयोगी पडतात. पाठीवर शेपटीजवळ जो छोटा मांसल पर असतो, तो ट्राउटमध्ये बहुधा नारिंगी किंवा लाल कडेचा असतो. आपल्या माशाचा तो करडा आहे. इतक्या खुणा एकाच दिशेने जात असल्याने मला फारशी शंका वाटत नाही. सॅमन आणि ट्राउट यांचा संकर निसर्गतःही होतो आणि अशा पिल्लाची खात्री जनुकीय तपासणीनेच पटते, एवढी पुस्ती मात्र जोडतो.

हा घोटाळा आपल्यापुरता नाही. ‘पार’ ही स्वतंत्र, कायम लहानच राहणारी जात आहे असे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक जाणकारही मानत, आणि त्यांच्या बाजूने एक वजनदार पुरावा होता: शरद ऋतूत यांतील कित्येक नर प्रजननक्षम झालेले सापडत. जो मासा स्वतःच वयात आला आहे, तो दुसऱ्या कुणाचे पिल्लू कसा असेल? नैर्ऋत्य स्कॉटलंडमध्ये, निथ नदीकाठच्या ड्रमलॅनरिग येथील जहागिरीवरचे राखणदार जॉन शॉ यांनी १८३० च्या दशकात अशी पिल्ले तळ्यांत वाढवली आणि ती चंदेरी होऊन समुद्राकडे जाण्याच्या अवस्थेला पोहोचतात हे दाखवून दिले. बोटभर नर मोठ्या मादीची अंडी फलित करू शकतो, हेही त्यांनीच प्रयोगाने सिद्ध केले. विद्वानांच्या वादापेक्षा पाणवठ्यावरच्या माणसाची चिकाटी इथे श्रेष्ठ ठरली, असे मला वाटते.

आपला मासा नदीत दोन-तीन वर्षे काढून, साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा झाल्यावर, एखाद्या एप्रिल-मे महिन्यात अंगावरचे डाग चंदेरी थराखाली झाकून समुद्राकडे निघेल.

नियमाविषयी: स्कॉटलंडमध्ये सॅमनची पिल्ले जाणूनबुजून पकडणे किंवा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, आणि ट्राउटच्या परवान्याने सॅमन पकडण्याचा हक्क मिळत नाही. चुकून गळाला लागलेले पिल्लू इजा न करता ताबडतोब सोडणे हेच अपेक्षित असते व आपण तेच केले, त्यामुळे काळजीचे कारण नाही. ही दक्षता अनाठायीही नाही, कारण डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधील अटलांटिक सॅमनची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली आहे. पुन्हा असा मासा लागला तर आधी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. बिनकाट्याचा, म्हणजे टोकाशी उलटा काटा नसलेला गळ वापरल्यास मासा पाण्यातच सोडवता येतो. छायाचित्र घ्यायचेच असेल तर मासा पाण्याबाहेर न काढता, जबडा, शेपटीजवळचा बारीक भाग आणि पाठीवरचा तो छोटा पर दिसेल असे एकच, बाजूने घ्यावे.