आईला पहिल्या स्टेजचा ब्रेस्ट कॅन्सर आहे. पूर्ण स्तन काढावा की फक्त गाठ? आणि ऑपरेशन गोव्यात की मुंबईला?

तुम्ही लिहिलंय आई ५८ वर्षांची, गाठ दीड सेंटीमीटरची, काखेत काही नाही आणि "घरातल्या सगळ्यांचं मत आहे काढूनच टाकूया, कटकट नको". आईचं मत काय ते अख्ख्या प्रश्नात कुठेच नाही, म्हणून लिहायला बसले.

माझा बायोप्सीचा रिपोर्ट आला तो चतुर्थीच्या तोंडावर. तरी आम्ही सावईवेऱ्याला मूळ घरी, कारण चतुर्थीला घरी जायचं म्हणजे जायचंच. मी आत नेवऱ्या तळतेय आणि बाहेर गणपतीवर फळं-नारळ टांगतात त्या माटोळीखाली बसून थोरले दीर, नणंद, वर्षातून एकदा दिसणारे चुलत सासरे असे सगळे मिळून माझ्या छातीचा निकाल लावतायत. आमचे हे माटोळीचे नारळ सारखे करत उभे, तोंडातून शब्द नाही, तो हिशेब वेगळा. नणंद आत येऊन म्हणते, "सगळें काडून उडय गे, ह्या पिरायेर तुका कित्याक जाय तें?" म्हणजे सगळं काढून टाक, या वयात तुला कशाला हवं ते. मी तेव्हा ५१ची! हिच्या नवऱ्याची अक्कलदाढ काढायची होती तेव्हा हिने म्हापशापासून मडगावपर्यंतचे डेंटिस्ट पालथे घातले होते. वर बायोप्सी केली म्हणूनही ओरडा, म्हणे सुई लागली की पसरतो. असलं काही नसतं, उलट बायोप्सीतूनच ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (त्या नावाचं प्रोटीन जास्त आहे का) कळतं आणि ते कळल्याशिवाय पुढची ट्रीटमेंट ठरत नाही.

सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं की गाठ लहान असेल तर गाठ आणि आजूबाजूचा थोडा भाग काढून रेडिएशन घेतलं काय किंवा पूर्ण काढलं काय, जगण्याची शक्यता सारखीच. अमेरिकेत फिशर आणि इटलीत वेरोनेसी या सर्जननी १९७०च्या दशकात बायकांचे गट करून हेच तपासायला घेतलं, त्याचे २० वर्षांनंतरचे निकाल २००२ साली छापून आले. मुलीने शोधून दिलं ते मी नणंदेपुढे ठेवलं तर म्हणाली, "तें अमेरिकेंतलें." बरं बाई.

माझी गाठ गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात काढली, काखेतल्या सेंटिनल गाठी (कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो त्या लसिका ग्रंथी) तपासल्या त्या साफ निघाल्या, मग रेडिएशन. दुखत नाही पण शनिवार-रविवार सोडून रोज जायचं, कातडी काळवंडते आणि थकवा असा येतो की भात उपसायचाही कंटाळा. केमो लागली नाही, टॅमोक्सिफेन ही हार्मोन अडवणारी गोळी चालू आहे, अंगातून वाफा निघतात. आईचा रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह असला तर पाळी गेलेल्यांना देतात ती लेट्रोझोलसारखी गोळी बहुतेक देतील, निदान पाच वर्षं तरी.

आता हे वाचून गाठच काढा म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. गाठी वेगवेगळ्या ठिकाणी असल्या, छातीला आधी कधी रेडिएशन झालेलं असलं किंवा बीआरसीए या जीनमध्ये घराण्यातून येणारा दोष निघाला तर पूर्ण काढणंच बरं ठरू शकतं. माझ्या मैत्रिणीने गाठ लहान असूनही पूर्ण काढून घेतला, तिला रोजच्या फेऱ्या नको होत्या, आणि तिला कधी वाईट वाटलं नाही. पण ते तिने ठरवलं होतं, तिच्या नणंदेने नव्हे.

मुंबईचं म्हणाल तर परळला टाटात सेकंड ओपिनियन जरूर घ्या, नुसता रिपोर्ट नको, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) सोबत न्या. पण रेडिएशन काही आठवडे चालतं, तिथे राहणार कुठे ते आधी बघा, नाहीतर आईच तुमच्या जेवणाची काळजी करत बसेल. पैशांसाठी गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड आहे, चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत. कुठल्या हॉस्पिटलात चालेल ते तारीख घेण्याआधी विचारा, आणि रिन्यू केलेलं आहे ना ते आजच बघा.