नर्सिंग सोडायचं ठरवण्याआधी

प्रश्न : मी अक्कलकोट तालुक्यातली. घरात कन्नड बोलतो, शाळा मराठीतून झाली. सोलापुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. ॲनाटॉमीच्या (शरीररचनेच्या) सेशनलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, नापास झाले. सगळी पुस्तकं इंग्रजीत, डोक्यात काही शिरत नाही. वॉर्डात बीपी घेताना आवाज ऐकू येत नाही, हात थरथरतात. ड्रेसिंग बघताना चक्कर येऊन पडले, तेव्हापासून मुली हसतात. परवा एका अज्जींशी बोलत बसले म्हणून बेड मेकिंग राहिलं, तर सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गावाकडच्या मुली कशाला येता इथं?" रात्री झोप लागत नाही. कधी कधी वाटतं, सकाळ होऊच नये. वडिलांनी कर्ज काढलंय. कोर्स सोडून देऊ का?

उत्तर :

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं सहा पानी पत्र दोनदा वाचलं. वर फक्त सारांश दिलाय, नाव-गाव वगळलंय.

"सकाळ होऊच नये" या वाक्यापाशी मी थांबले, म्हणून आधी त्याबद्दल. उद्याची ड्युटी नको, सिस्टरांसमोर उभं राहायला नको, एवढाच त्याचा अर्थ असेल तर पुढे वाच. पण जगायलाच नको असं एकदा जरी मनात येऊन गेलं असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलीला उठवून सांग. रात्री दोन वाजले असले तरी उठव. एकटी राहू नकोस. 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे. सरकारची मानसिक आरोग्याची सेवा आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास कुणीतरी फोन उचलतं आणि मराठीत बोलता येतं. सकाळी सिव्हिलच्या मनोविकार विभागाच्या ओपीडीत जा, केसपेपर काढ, डॉक्टरांना भेट. तिथे ओळखीचं कुणी दिसेल ही भीती प्रत्येक नर्सिंगच्या मुलीला वाटते. दिसलं तर दिसू दे. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, विनाकारण रडू येतं, असं चाललं असेल तरीही दाखवून घे. ताप आल्यावर आपण दाखवतोच ना?

आता कोर्सचं बोलू. तुझ्या पत्रात तक्रारी पुष्कळ आहेत, त्या खऱ्याही आहेत. पण चौथ्या पानावर तू त्या अज्जींबद्दल जे लिहिलंस ते तुला स्वतःला फारसं महत्त्वाचं वाटलेलं दिसत नाही. बेड मेकिंग का राहिलं याचं कारण सांगावं, तसं लिहिलंयस. त्याच ओळी मी परत परत वाचल्या.

सर्जिकल वॉर्डातली अज्जी. सीमेपलीकडच्या गावातून आलेली, फक्त कन्नड कळणारी. ऑपरेशनसाठी आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेली. सकाळी ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. "आता जेवायला हरकत नाही" असं कुणीतरी मराठीत सांगून गेलं. नातू गोळ्या आणायला खाली गेलेला. अकरा वाजता तू चादर बदलायला गेलीस आणि सवयीने विचारलंस, "ऊटा आतेनु, अज्जी?" म्हणजे जेवण झालं का. त्यावर तिने हाताने पोट दाखवलं आणि रडायला लागली. तिला वाटत होतं, पाणी प्यायलं तर डॉक्टर रागावतील. तू चार्ट बघितलास, सिस्टरांना विचारून आलीस, चहा आणि बिस्किटं आणून दिलीस आणि ती खाईपर्यंत तिचा हात धरून बसलीस.

बाळा, यालाच नर्सिंग म्हणतात. मी आधी वॉर्डात काम केलं, मग बरीच वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं, म्हणून सांगते. म्हातारं माणूस रात्रभर आणि वर निम्मा दिवस पाण्यावाचून राहिलं की लघवी कमी होते, चक्कर येते, शुगरचा पेशंट असेल तर जिवावर बेतू शकतं. अख्ख्या वॉर्डात हे तुझ्या लक्षात आलं, कारण तू तिच्या भाषेत विचारलंस.

बेड मात्र राहिलाच, हेही खरं. वॉर्डात आपलं काम अर्धवट राहिलं तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर पडतं. पुढच्या वेळी बसण्याआधी एक वाक्य सांगत जा : "सिस्टर, सात नंबरच्या अज्जी उपाशी आहेत, त्यांना खायला घालते, दहा मिनिटांत बेडला लागते." बहुतेक सिस्टर हो म्हणतात. साठ पेशंट आणि दोन सिस्टर असल्या की त्यांनाही कुणीतरी सांगायला हवं असतं. पण "गावाकडच्या मुली" हे बोलणं चूकच. कामावरून बोलल्या तर ऐकून घे, वहीत लिहून ठेव. गावावरून, भाषेवरून, जातीवरून कुणी बोललं तर त्याच दिवशी क्लास कोऑर्डिनेटर मॅडमना सांग. परत घडलं तर तारीख घालून लेखी दे. हे सहन करणं अभ्यासक्रमात नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर इंग्रजीचंही सांगते. सोलापुरातल्या कुठल्याही मोठ्या वॉर्डात एक फेरी मार. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी उर्दू. तुला यातल्या दोन पक्क्या येतात, शहराच्या पूर्व भागातल्या मैत्रिणींमुळे तेलुगू कानावर पडतेय असंही तू लिहिलंयस. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, तेव्हा त्यांना चिनीचा गंधही नव्हता. तिथे राहून ती भाषा शिकले आणि 1942 मध्ये तिथेच वारले, तोवर त्याच भाषेत पेशंटशी बोलत होते. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान नर्सिंग शिकवायच्या. सोलापुरातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. सुट्टीच्या दिवशी जाऊन ये, होस्टेलच्या भिंतींपासून दोन तास सुटकाही मिळेल.

ॲनाटॉमीतल्या ज्या शब्दांना तू घाबरतेस ते मुळात इंग्रजी नाहीतच. बहुतेक ग्रीक आणि लॅटिन आहेत. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलीलाही 'स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड' हा मानेचा स्नायू पहिल्यांदाच भेटतो. त्यांचे तुकडे पाडायला शीक. मागे 'आयटिस' आलं की सूज, दाह. 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड, 'हेपॅटो' म्हणजे यकृत. 'टॅकी' म्हणजे जलद, 'ब्रॅडी' म्हणजे मंद. असे शंभरेक तुकडे आले की निम्मं पुस्तक उघडतं. एक वही घाल, तीन रकाने कर : शब्द, त्याचा मराठी किंवा कन्नड अर्थ, आणि तो वॉर्डात कुठल्या पेशंटकडे पाहिलास. तिसरा रकाना सोडू नकोस. 'नेफ्रायटिस' पाठ केलेलं विसरशील, पण पाय सुजलेला तो बारा नंबरचा मुलगा विसरणार नाहीस. आकृत्या रोज काढ. उत्तरं छोट्या वाक्यांत लिही, एका वाक्यात एकच गोष्ट.

आणि सेशनलचं मनाला एवढं लावून घेऊ नकोस. इंटर्नल 25 मार्कांचं, त्यातला तो एक भाग. ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा एकत्र पेपर 75 चा, तो अजून व्हायचाय.

बीपीबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण तिथे मी स्वतः चुकले होते.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. मला आवाज ऐकू यायचे नाहीत. विचारलं तर ओरडा बसेल म्हणून एका सकाळी आदल्या रात्रीचा आकडा बघितला आणि तसाच उतरवला, 120/80. अर्ध्या तासाने सिस्टर राउंडला आल्या. पेशंटच्या कपाळावर घाम बघून त्यांनी स्वतः मोजलं, तर वरचं 90 च्याही खाली. त्याच्या आतून रक्तस्राव होत होता. सिस्टरांनी वेळेत बघितलं म्हणून तो वाचला. त्यांनी मला बाजूला घेतलं, आवाज चढवला नाही, फक्त चार्ट पुढे धरून विचारलं, "हे तू ऐकलंस?" मी नाही म्हणाले. इतकी वर्षं झाली, तो कागद अजून डोळ्यांसमोर येतो. म्हणून हात जोडून सांगते, ऐकू आलं नाही तर "सिस्टर, मला ऐकू आलं नाही, जरा बघता का" असंच म्हण. ओरडा बसला तर बसू दे. मनाने आकडा लिहू नकोस, मैत्रिणीलाही लिहू देऊ नकोस.

आता ऐकू का येत नाही ते बघू. स्टेथोस्कोपची कानातली टोकं पुढे, नाकाच्या दिशेने वळलेली हवीत. नव्या मुली हटकून उलटी घालतात. पेशंटची बाही वर सरक, कफ, म्हणजे बीपीचा पट्टा, कापडावर बांधू नकोस. कफ कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, आणि हात छातीच्या पातळीला टेकलेला. कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीकडे, बोटांनी नाडी शोध आणि तिथेच स्टेथोस्कोप ठेव. मग मनगटावरची नाडी धरून हवा भर. नाडी लागेनाशी झाली की आणखी 30 भर, आणि हळूहळू सोड, सेकंदाला दोन-तीन आकडे. घाईत सोडलीस तर पहिला ठोका निसटणारच. पहिला ठोका वरचा आकडा, आवाज बंद होतो तो खालचा. रोज रात्री होस्टेलमध्ये पाच मुलींचं मोज, महिनाभर. सिनिअर ताईला एकदा तपासायला सांग. हाताची थरथर शंभराव्या बीपीपर्यंत राहत नाही, हे मी मुलींच्या कितीतरी बॅचमध्ये बघितलंय.

चक्करचं म्हणशील तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. रक्त किंवा जखम बघून एकदम बीपी खाली येतं, मेंदूला रक्त कमी पोचतं आणि माणूस पडतं. उपाशीपोटी, उकाड्यात, ताठ उभं राहून बघितलं की हमखास होतं. तू त्या दिवशी फक्त चहा पिऊन गेली होतीस, आणि सोलापूरचा एप्रिल! घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी येते ना? ती आठ-दहा दिवस टिकते. सकाळी सातला अर्धी भाकरी खाल्ल्याशिवाय होस्टेल सोडू नकोस. ड्रेसिंग बघताना गुडघे ताठ ठेवू नकोस, पोटऱ्या आवळत-सोडत राहा. कानात घुं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली की "मी बसते" म्हणून तिथेच खाली बस, डोकं गुडघ्यांत घाल. पडण्यापेक्षा बसलेलं बरं, पेशंटच्या ट्रॉलीवर तरी आदळणार नाहीस. आज हसणाऱ्यांपैकी निम्म्या मुली लेबर रूमच्या पोस्टिंगला पडतील. त्यांना धरायला तू उभी राहा.

झोपेचं थोडक्यात. पेशंटच्या शुश्रूषेचा आराखडा, तो केअर प्लॅन, रात्री बारा वाजता लिहीत बसतेस, ते वॉर्डातून आल्या आल्या लिही, पेशंट डोळ्यांसमोर असतो तेव्हा निम्म्या वेळात होतं. झोपताना मोबाईल खाटेपासून लांब.

राहिला मुख्य प्रश्न, सोडू का? आत्ता ठरवू नकोस. सेमिस्टरची परीक्षा दे, निकाल लागू दे, एक चांगली सुट्टी घरी घालव, मग ठरव. नर्सिंग सगळ्यांनीच करावं असं मी म्हणत नाही. पेशंटला हात लावावासाच वाटत नाही, त्याच्याजवळ थांबणंच नको होतं, अशा मुलींना मी स्वतः दुसरा कोर्स घ्यायला सांगितलंय आणि त्या सुखात आहेत. तुझं तसं दिसत नाही. तुला नकोय ते ओरडणं, नापास होणं आणि जागरण. शिवाय चार वर्षांनंतर जन्मभर सर्जिकल वॉर्डातच काढायचं असंही नाही. कुणी आयसीयूत जातं, कुणी डायलिसिसला, कुणी शिकवायला. समुदाय आरोग्य अधिकारी होऊन गावच्या उपकेंद्रात बसता येतं. तुझ्या तालुक्यात कन्नड बोलणारी अधिकारी असली तर बायाबापड्यांना केवढा आधार वाटेल! आणि तरीही सोडायचंच ठरलं, तर आधी मूळ कागदपत्रं आणि उरलेल्या फीबद्दल कॉलेजकडून लेखी घे, बँकेत जाऊन हप्त्याचं विचार, पुढचा प्रवेश कुठे ते नक्की कर आणि मगच अर्ज दे.

खालचे चार शब्द तुझ्या वडिलांसाठी, त्यांना फोनवर वाचून दाखव.

दादा, नमस्कार. कर्ज काढून मुलीला शिकवताय, त्याचं ओझं तिला पुरेपूर माहीत आहे. पत्रात तिने कर्जाचा आकडा तीनदा लिहिलाय. काही दिवस फोनवर मार्क विचारू नका. घरी विचारता तसं "ऊटा आतेनु?" एवढंच विचारा आणि ती काय सांगते ते मध्ये न बोलता ऐका. "गावात काय तोंड दाखवू" हे वाक्य तिच्या कानावर परत पडू देऊ नका. शक्य झालं तर एका रविवारी तिच्या आईला घेऊन भेटायला या.

मुली, पंधरा दिवसांनी मला परत लिही. रोज किती तास झोपलीस, किती बीपी मोजले, एवढं कळव. आणि त्या अज्जींचं ऑपरेशन झालं का, घरी गेल्या का, तेही लिही. मला विचारायचंच होतं.