लेकरा, फाईल घरी नेऊ नको

वकिलीची सनद मिळून सहा महिने झाले अन् तू बार रूममध्ये चहालाही येईनास, हे दिसतंय मला. अपघातात गेलेल्या शेतमजुराच्या भरपाईची फाईल रोज घरी नेतोस, रात्रभर तीच डोक्यात. मीही हेच केलं. दोन वर्षं झोप उडाली होती, पण कुणाजवळ बोललो नाही. फार सोसलं. तू बोल. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. तिथं जायला संकोच वाटला तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर; मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्कच आहे, अशिलाचा तसा वकिलाचाही. अन् एखाद्या तारखेला उभं राहवलं नाही, तर सकाळीच सांग. तुझ्या प्रकरणात मी उभा राहतो.