बँकेच्या रखवालदाराला दुनळी (दोन नळ्यांची) बंदूक बरी की पंप-अ‍ॅक्शन?

दादरसारख्या गर्दीच्या भागातल्या छोट्या शाखेसाठी मी दुनळीच म्हणेन. बंदूक मधून उघडली की दोन्ही काडतुसं समोर दिसतात. भरलेली की रिकामी, शंकाच उरत नाही. बार मात्र दोनच. पंप-अ‍ॅक्शनमध्ये जास्त काडतुसं बसतात, पण प्रत्येक बारानंतर पुढची मूठ पूर्ण मागे ओढून पुढे ढकलावी लागते. घाईत अर्धवट ओढली की काडतूस अडकतं. सराव नसलेल्याचं ते काम नाही. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बारानंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी बंदूक, वेगवान, पण देखभाल जास्त मागते.

या बंदुकांच्या काडतुसांतले छर्रे खोलीभर पसरतात हा तर मोठाच गैरसमज! चार-पाच मीटरवर ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेत लागतात. त्यामुळे नेम हवाच. आणि प्लायवूडचं पार्टिशन छर्रे अडवत नाही, पलीकडे ग्राहक बसलेले असतात.